वाळवंटी परिसंस्थेवर पीएच.डी. करायची आहे, मराठवाड्यातून वाट कशी निघेल?

कुसळी
१२ जून, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. इथे वाचत असते नेहमी, लिहितेय पहिल्यांदाच.

मी आष्टी तालुक्यातली, जिल्हा बीड. एम.एस्सी. वनस्पतिशास्त्राची शेवटची परीक्षा नुकतीच झाली. घरी कोरडवाहू जमीन, आजोबांची मेंढरं होती, त्यामुळे लहानपण माळावरच गेलं. आमच्या माळावर मे महिन्यात बघाल तर दगड आणि मुरूम. दोन चांगले पाऊस झाले की पंधरा दिवसांत सगळं हिरवं. तिसरा पाऊस लांबला की काही गवतं कोवळीच करपतात आणि काहींचं बी मात्र तेवढ्यात तयार होऊन खाली पडलेलंसुद्धा असतं. यातलं कोण टिकतं, कोण जातं आणि ते कशावर ठरतं, याचा मला खरोखर अभ्यास करायचा आहे. वाळवंटी आणि कोरड्या प्रदेशांच्या परिसंस्थांवर जगभर काम चालतं एवढं वाचून माहीत आहे. आमच्या अभ्यासक्रमात परिसंस्थाशास्त्राचा पेपर एकच होता, बाकी भर वर्गीकरण आणि ऊतीसंवर्धनावर.

तर भारतात यासाठी कुठे जावं? पदरचे पैसे न घालता परदेशात जाता येतं का? आणि घरी काय सांगू? वडील म्हणतात बी.एड. कर नाहीतर एमपीएससीला बस. त्यांचं चुकतं असं मी म्हणणार नाही, घरची परिस्थिती मला दिसते. पण हा विषय सोडवत नाही.

बालाघाटी
१२ जून, रात्री १०:२५

ताई, स्पष्ट विचारतो, राग मानू नका. वाळवंट राजस्थानात. आपल्याकडे दुष्काळ आहे, पण तो पाण्याच्या नियोजनाचा आणि उसाचा प्रश्न आहे. आपल्या भागातल्या पोरीनं वाळवंटाचा अभ्यास करून इथे काय उपयोग होणार? त्यापेक्षा जलसंधारण, पाणलोट असा विषय घेतला तर निदान नोकरी तरी मिळेल.

गोदाकाठ
१३ जून, सकाळी ७:१५

बालाघाटी, प्रश्न रास्त आहे, म्हणून सविस्तर लिहितो. मी परभणीत बरीच वर्षं शिकवलं, आता निवृत्त आहे.

कोरडेपणा मोजताना नुसता पाऊस बघत नाहीत. वर्षात पडणारं पाणी आणि ऊन-वाऱ्याने जमिनीतून व झाडांतून उडून जाऊ शकेल एवढं पाणी, यांचं गुणोत्तर काढतात. ते ०.०५ च्या खाली असेल तर अतिशुष्क, ०.०५ ते ०.२० शुष्क, ०.२० ते ०.५० निमशुष्क. जैसलमेर शुष्क पट्ट्यात येतं, तिथे वर्षाला २०० मिलिमीटरही पाऊस पडत नाही. मराठवाड्याची पावसाळ्याची सरासरी ६८० मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे आपण निमशुष्क. आष्टी-पाटोद्याकडे त्याहूनही कमी. फरक मोठा आहे, मान्य. पण जगाच्या जमिनीचा सुमारे ४१ टक्के भाग कोरड्या प्रदेशांत मोडतो आणि त्या सगळ्याचं शास्त्र एकमेकांत गुंतलेलं आहे.

१९७३ साली इमॅन्युएल नॉय-मेईर या इस्रायली शास्त्रज्ञाने वाळवंटी परिसंस्थांवर एक निबंध लिहिला. तो आजही या विषयात आधी वाचायला देतात. वाळू आणि उष्णता त्यांनी बाजूला ठेवली. जिथे सगळं जीवन पाण्याच्या तालावर चालतं आणि ते पाणी क्वचित, तुटक तुटक आणि बेभरवशाचं येतं, ती परिसंस्था त्यांनी वाळवंटी मानली. पाऊस येतो, वाढीची लाट उसळते, त्यातलं बहुतेक मरतं किंवा खाल्लं जातं, आणि थोडा हिस्सा बी, कंद, मुळं अशा रूपात राखीव राहतो. पुढच्या पावसापर्यंत सगळा भार त्या राखीव साठ्यावर. आता कुसळीताईंची पोस्ट परत वाचा. त्या माळाविषयी जे लिहितायत ते हेच आहे.

आणि उपयोगाचं म्हणाल तर मराठवाड्याच्या माळांचं आज काय चाललंय ते डोळ्यांनी बघा. सरकारी नकाशांत बरंचसं माळरान पडीक म्हणून नोंदलेलं असतं, त्यामुळे ते कुणालाही देता येतं. वनीकरण म्हणून त्यावर ग्लिरिसिडिया या झाडाच्या रांगा लावतात, चर खोदतात, आणि मग तिथे गवत राहत नाही. गवत गेलं की काळवीट, खोकड, धाविक, चंडोल, शेवटी लांडगाही जातो. नद्या-नाल्यांच्या काठाने वेडी बाभूळ माजली आहे. या जमिनीत बियांचा साठा किती उरलाय, चराई बंद केली तर पवन्या-मारवेल ही चाऱ्याची गवतं परत येतात की नुसती कुसळीच वाढते, यावर आपल्या आठ जिल्ह्यांत काम फार थोडं झालंय. जलसंधारणाची कामंसुद्धा हे माहीत नसताना केली जातात. म्हणून उपयोग आहे, आणि तो आधी इथेच आहे.

कुसळी
१३ जून, सकाळी ८:०२

सर, खूप आभार. नॉय-मेईर यांचं नाव पहिल्यांदा ऐकलं, आज शोधून वाचते.

मी हे टोपणनाव घेतलं तेही त्यासाठीच. कुसळीच्या बियांना जी लांब शेपटी असते ती ओली झाली की उलगडते, वाळली की पिळते, आणि त्या पिळाने बी स्वतःला जमिनीत घुसवतं. मेंढरांच्या लोकरीत आणि कातडीत पण तशीच घुसते, आजोबा फार वैतागायचे. हलका पाऊस येऊन गेला आणि परत ऊन पडलं तर नेमकं किती बी आत जातं, हे मला मोजायचं आहे.

जोधपूरचा_लातूरकर
१३ जून, दुपारी १:३०

ताई, हा प्रश्न विचारणारं कुणी आपल्याकडचं भेटलं याचा आनंद झाला. मी मूळचा औसा तालुक्यातला. एम.एस्सी.नंतर जैसलमेर भागात एका प्रकल्पावर क्षेत्रसहायक होतो, आता जोधपूरला पीएच.डी. करतोय.

जोधपूर हे या विषयाचं आपल्या देशातलं मुख्य ठाणं. काझरी, म्हणजे केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्था, इथली. १९५२ साली वाळवंटात झाडं लावण्याचं केंद्र म्हणून सुरुवात झाली आणि १९५९ पासून आजचं नाव. त्याच शहरात शुष्क वन संशोधन संस्था आहे, भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं आणि प्राणी सर्वेक्षणाचं प्रादेशिक केंद्र आहे. यातल्या बऱ्याच ठिकाणी काम संस्थेत आणि पीएच.डी.ची नोंदणी विद्यापीठात, अशी सोय असते. त्यामुळे नुसत्या विद्यापीठांच्या जाहिराती बघत बसलात तर या जागा दिसणारच नाहीत. संस्थांच्या संकेतस्थळावर भरतीच्या पानावर प्रकल्प सहायक, कनिष्ठ संशोधक अशा थेट मुलाखतीच्या सूचना निघतात, त्या बघायच्या.

माझं ठाम मत सांगतो. लगेच पीएच.डी.ला उडी घेऊ नका. आधी एखाद्या प्रकल्पावर एक पूर्ण वर्ष काम करा, म्हणजे उन्हाळा, पावसाळा, हिवाळा तिन्ही बघून होतील. वाळवंट हिवाळ्यात बघायला येणारे खूप असतात. मेमध्ये ४५ अंशांवर पारा असताना सकाळी साडेपाचला निघून दहाच्या आत मोजणी संपवायची, दुपारी तंबूत वह्या लिहायच्या आणि संध्याकाळी परत जायचं, हे महिनाभर केल्यावर कळतं की आपल्याला हे आयुष्य हवंय का. मला हवं होतं.

काम कसलं असतं म्हणाल तर शेवण गवत, खेजडी, ओरण म्हणजे देवाच्या नावाने राखलेली गावोगावची राने, वाळूच्या टेकड्या स्थिर करणं, सरडे, उंदीर. डेझर्ट नॅशनल पार्क ३,१६२ चौरस किलोमीटरचं आहे, जैसलमेर-बाडमेरमध्ये. भारतीय वन्यजीव संस्थेचं माळढोक संवर्धनाचं काम तिथेच चालतं. २०१९ पासून रानातली अंडी आणून सम आणि नंतर रामदेवऱ्याच्या केंद्रांत पिल्लं वाढवली. देशात माळढोक दीडशेहून कमी उरलेत. सौर आणि पवन ऊर्जेच्या तारांना धडकून ते मरतात, त्यावरून सर्वोच्च न्यायालयात २०२१ पासून आदेश निघत आलेत. म्हणजे तारा, गवत, चराई, पक्षी असे सगळे धागे एकाच प्रश्नात येतात. आपल्या धाराशिवला लागून सोलापूरचं नान्नजचं माळढोक अभयारण्य आहे. तिथल्या माळढोकांचं काय झालं हे माहीत असलेला विद्यार्थी जैसलमेरमध्ये वेगळ्याच नजरेने काम करतो.

कच्छही विसरू नका. भुजला गुजरात इन्स्टिट्यूट ऑफ डेझर्ट इकॉलॉजी आहे. जवळच बन्नीचं गवताळ मैदान, सुमारे २,५०० चौरस किलोमीटर. १९६१ पासून वनखात्याने तिथे आपलीच ती वेडी बाभूळ लावली आणि तिने निम्मं मैदान खाल्लं. तिथे मालधारी पशुपालकांबरोबर राहून संशोधन करणारी मंडळी आहेत. बंगळूरच्या अत्री या संस्थेचे विद्यार्थीही त्या भागात काम करतात. अत्रीची पीएच.डी. तुमच्या प्रश्नाला फार जुळेल, कारण तिथे परिसंस्था आणि माणसं एकत्र अभ्यासतात.

धाराशिवचे_काका
१३ जून, संध्याकाळी ६:१०

सगळं वाचलं. मला दोन मुली आहेत म्हणून विचारतो. एकट्या मुलीनं उन्हातान्हात, तंबूत, परमुलखात राहायचं? कॉलेज किंवा ती संस्था काय जबाबदारी घेते? पोरीच्या बापाला हे कुणी नीट सांगत नाही, मग तो बी.एड. म्हणतो.

रानवेल
१३ जून, रात्री ८:४५

काका, मी उत्तर देते. मी हिंगोलीची, कच्छमध्ये दोन हंगाम गवतावर काम केलंय.

एकटीला कुणी पाठवत नाही. क्षेत्रकामात सोबत सहायक असतो, बहुतेक वेळा गावातलाच. गाडी असते, फोन लागत नाही अशा जागी जाताना परतायची वेळ लिहून जायची, ती टळली की शोधायला माणूस निघतो. हा नियम नसेल तिथे मी काम स्वीकारलं नसतं, आणि मुलाखतीत हे विचारायचा तुमच्या मुलीला पूर्ण हक्क आहे. संस्थेत लैंगिक छळाविरुद्धची अंतर्गत तक्रार समिती असणं कायद्याने बंधनकारक आहे, तिच्यात कोण आहे हे रुजू व्हायच्या आधी विचारा. राहायला बहुधा गावातलं एखादं घर नाहीतर संस्थेचं क्षेत्रकेंद्र. मी ज्या घरात राहिले तिथल्या आजींनी मला इतकं सांभाळलं की माझी आई त्यांच्याशी फोनवर तासतास बोलायची, एकीला गुजराती येत नाही आणि दुसरीला मराठी.

पाळीच्या दिवसांत उघड्या रानात आडोसा नसतो, ही खरी अडचण आहे आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. आम्ही मुलींनी एक छोटी घडीची राहुटी बरोबर ठेवायची सोय मागून घेतली. मागितली की मिळते. उन्हाचं म्हणाल तर मीठ-साखरेचं पाणी, डोक्याला उपरणं, आणि दुपारी काम बंद. सापाची भीती असते म्हणून घोट्यावर येणारे बूट. एवढं पाळलं तर आपल्या शेतात राबणाऱ्या बायांना जितका धोका आहे त्याहून जास्त मला तिथे नव्हता.

आणि काका, तुम्ही विचारलंत ते बरं केलंत. बाप विचारतो तेव्हा मुलीला पाठिंबा असल्यासारखं वाटतं.

मेघा_नांदेड
१४ जून, पहाटे ४:२०

इथे वेळ वेगळी आहे म्हणून पहाटे पोस्ट पडतेय. मी नांदेडची, सध्या अमेरिकेत न्यू मेक्सिकोमध्ये पीएच.डी.च्या मधल्या टप्प्यावर.

पैशांचं आधी सांगते, कारण गैरसमज तिथेच असतो. अमेरिकेत परिसंस्थाशास्त्राच्या पीएच.डी.ला बहुतेक चांगल्या विभागांत शिकवणी शुल्क माफ असतं आणि महिन्याचं विद्यावेतन मिळतं. त्या बदल्यात पदवीच्या मुलांच्या प्रयोगशाळा घ्यायच्या किंवा मार्गदर्शकाच्या प्रकल्पावर काम करायचं. स्वतःचे पैसे भरून पीएच.डी. करावी लागेल असं जिथून उत्तर येईल तिथे जाऊ नका. पदव्युत्तरला मात्र असा पाठिंबा कमी, तुमची एम.एस्सी. झालेली आहे म्हणून थेट पीएच.डी.लाच अर्ज करा. खर्च येतो तो अर्जाच्या फीचा, इंग्रजीच्या परीक्षेचा आणि विमानाच्या तिकिटाचा. फी माफ करा असं विभागाला लिहून मागता येतं. जीआरई ही प्रवेशपरीक्षा आता या विषयातल्या बऱ्याच विभागांनी काढून टाकली आहे. शेवटच्या तारखा साधारण डिसेंबरमध्ये, म्हणजे मार्गदर्शकांना पत्रं ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये जायला हवीत.

आता जागा. लास क्रूसेसजवळ होर्नाडा म्हणून संशोधन क्षेत्र आहे. तिथे चराईचा अभ्यास १९१२ पासून चालू आहे आणि १९८२ पासून ते अमेरिकेच्या दीर्घकालीन परिसंस्था संशोधनाच्या जाळ्यात आहे. १८५८ च्या जमीन मोजणीच्या वह्यांत त्या वेळी कुठे गवत होतं याची नोंद आहे, त्यामुळे गवताचं मैदान झुडपी वाळवंट कसं झालं हे दीडशे वर्षांच्या अंतरावरून दिसतं. ज्या झुडपाने गवत हटवलं ते मेस्किट, म्हणजे आपल्या वेड्या बाभळीची सख्खी बहीण. वेडी बाभूळ मुळात अमेरिका खंडातलीच. मी इथे पहिल्या दिवशी ते झाड बघितलं तेव्हा गोदावरीचा काठ आठवला.

त्याच राज्यात सेव्हिलेटा हे असंच आणखी एक संशोधन क्षेत्र आहे. ॲरिझोनात टक्सनच्या टुमामॉक टेकडीवर १९०३ साली वाळवंटी प्रयोगशाळा उभी राहिली, तिथले मोजणीचे चौकोन १९०६ पासून जपलेत. पोर्टल नावाच्या गावाजवळ १९७७ पासून एक प्रयोग चालू आहे, त्याच्याबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. कुंपण घालून काही तुकड्यांतून कांगारू-उंदीर बाहेर ठेवले, बाकी काही बदललं नाही. बारा वर्षांत तिथली झुडपी जमीन गवताळ झाली! मूठभर वजनाचे प्राणी, पण बिया वेचून, माती उकरून तेच ठरवत होते की तिथे काय उगवेल. आता सांगा, आपल्या माळावरचे उंदीर, मुंग्या, वाळवी काय ठरवत असतील? कुणी कुंपण घालून बघितलंय?

प्राध्यापकांना पत्र लिहिताना तेच पत्र शंभर जणांना पाठवू नका. कुसळीताई, मसुदा इथे टाका, आम्ही बघतो.

तेरचा_तेजस
१४ जून, सकाळी ९:३०

मेघाताईंच्या यादीत एक भर. मी इस्रायलमध्ये नेगेव्ह वाळवंटात स्दे बोकेरला एम.एस्सी. केली. बेन-गुरियन विद्यापीठाच्या वाळवंट संशोधन संस्था तिथे आहेत, वर्ग इंग्रजीत, प्रबंध करणाऱ्यांना शिष्यवृत्ती. वर्षाला १०० मिलिमीटरच्या आतबाहेर पाऊस. जवळच अव्दातला मायकेल एव्हेनारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन हजार वर्षांपूर्वीच्या नबाती लोकांची शेती पुन्हा उभी केली. डोंगरउतारावरचं वाहतं पाणी गोळा करून खालच्या छोट्या शेतात आणायचं, एवढ्यावर जर्दाळू आणि बदाम उभे राहिले. बालाघाटी, जालन्याची कडवंची आणि तिथली शेततळी तुम्ही पाहिली असतील. उतार, पाणी आणि माती यांचं गणित तेच, पाऊस मात्र तिथे आपल्या सहाव्या-सातव्या हिश्श्याइतका.

ऑक्टोबर २०२३ नंतरची तिथली परिस्थिती लक्षात घेऊन घरच्यांशी बोलून ठरवा, हे मी प्रत्येकाला सांगतो. नामिबियात गोबाबेबला १९६२ पासून संशोधन केंद्र आहे, तिथे उमेदवारीने शिकायला घेतात. पाऊस नावालाच, धुक्यावर जगणारे भुंगे, आणि गवतातली ती गोल टक्कलं, जी वाळवीमुळे होतात की गवतांच्या आपसातल्या पाण्याच्या ओढाताणीमुळे, यावर शास्त्रज्ञ अजून भांडतायत. सौदीतलं काउस्ट विद्यापीठ पूर्ण खर्च देतं, तिथे वाळवंटी शेतीवर मोठं केंद्र आहे, पण रानातल्या परिसंस्थेपेक्षा पिकं आणि जनुकं यांच्याकडे ओढा जास्त.

मेंढका
१४ जून, दुपारी ३:५५

मी शिकलेला कमी. मेंढरं राखतो, दिवाळीनंतर कळप घेऊन कोकणाच्या अंगाला जातो, पावसाळ्यात परत. माझा पोरगा हे वाचून दाखवतोय आणि तोच लिहितोय.

आमच्याकडं कॉलेजचे लोक आले होते. गवताची नावं विचारली, लांडगा कुठं व्यातो विचारलं, कुठलं गवत खाल्लं की दूध वाढतं, कुठलं खाल्लं की पोट फुगतं, सगळं लिहून नेलं. परत कुणी आलं नाही. काय लिहिलं ते कळालं नाही. लांडग्याच्या बिळाची जागा मात्र दुसऱ्या कुणाला तरी कळली आणि त्या वर्षी पिल्लं गेली. लांडगा आमची मेंढरं नेतो, तरी आम्ही बीळ बुजवत नाही.

ताई, तुम्ही आमच्यातल्या घरच्या आहात, तुम्ही शिका. पण माळावर कुंपण घालायचं बोलताय तर आधी विचारा, ते कुणाच्या चराईच्या वाटेवर येतंय. आणि गवत मोजायचं तर कळपाच्या मागून या. आम्हाला माहिती असतं की कुठल्या साली कुठं काय उगवलं होतं. बहात्तरच्या दुष्काळात कुठलं गवत राहिलं होतं ते माझा बाप सांगायचा.

गोदाकाठ
१४ जून, संध्याकाळी ७:३०

मेंढका यांनी लिहिलेलं प्रत्येक मार्गदर्शकाने वाचावं. बिळांच्या, घरट्यांच्या जागा प्रबंधात किंवा नकाशात उघड लिहायच्या नाहीत, हा नियम आता चांगले संशोधक पाळतात, आणि न पाळणाऱ्याला विचारलं पाहिजे. माहिती देणाऱ्याचं नाव, त्याची परवानगी, आणि शेवटी गावात परत जाऊन मराठीत निष्कर्ष सांगणं, हे कामाचाच भाग आहेत.

परवानगीचंही सांगून ठेवतो. वनजमिनीवर काम असेल तर वनखात्याची लेखी परवानगी लागते. अभयारण्यात, म्हणजे नायगाव मयूर, येडशी रामलिंग घाट, गौताळा किंवा तुमच्या शेजारचं रेहेकुरी, इथे वन्यजीव विभागाची, ती नागपूरहून येते आणि वेळ खाते. गायरान असेल तर ग्रामपंचायतीशी बोलायचं. परदेशी मार्गदर्शकाला माती किंवा बियांचे नमुने पाठवायचे असतील तर २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली मंजुरी लागते. नमुने बॅगेत घालून नेऊ नका.

सरकारी_चष्मा
१४ जून, रात्री १०:१०

पैशांचं देशातलं अंग कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. सीएसआयआर-यूजीसी नेट या परीक्षेत जीवशास्त्रातून जेआरएफ, म्हणजे कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती, मिळाली तर पहिली दोन वर्षं महिन्याला ३७,००० आणि पुढे ४२,००० रुपये, वर घरभाडं. हे दर जानेवारी २०२३ पासूनचे. वडिलांना सांगताना हा आकडा सांगा ताई, इथल्या बऱ्याच खासगी शाळांतल्या शिक्षकाला हातात एवढे पडत नाहीत. गेट या प्रवेशपरीक्षेत परिसंस्था आणि उत्क्रांती असा स्वतंत्र पेपर आहे. बऱ्याच संस्था मुलाखतीला बोलावताना तो धरतात.

राज्याच्या संस्थांपैकी ज्याला जी लागू असेल ती बघावी. अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा-कुणबी समाजासाठी सारथी, इतर मागास, भटके-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गासाठी महाज्योती. तिन्हींकडून पीएच.डी.ला अधिछात्रवृत्ती दिली जाते. जागा आणि निकष वर्षागणिक बदलतात, म्हणून जाहिरात निघाली की त्याच आठवड्यात कागदं जमवायची. जातवैधता आणि उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढून ठेवा, यातच मुलं अडकतात. परदेशासाठी अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे. केंद्राच्या परदेश शिष्यवृत्तीत अनुसूचित जातींबरोबर विमुक्त-भटके, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांची मुलंही येतात.

कुसळी
१५ जून, रात्री ९:०५

सगळ्यांचे आभार कसे मानू कळत नाही. आज हे सगळं बाबांना वाचून दाखवलं. मेंढका दादांचं त्यांनी दोनदा वाचायला लावलं. रानवेलताई, आईने तुमचं उत्तर वाचलं आणि राहुटीचं तिला फार पटलं.

मेघाताई, पत्राचा मसुदा टाकते. इंग्रजीत लिहिलंय, इथे मराठीत सांगते: "आदरणीय प्राध्यापक, मी वनस्पतिशास्त्रात प्रथम श्रेणी मिळवली आहे. मला लहानपणापासून निसर्गाची आवड आहे. वाळवंटी परिसंस्थांवर काम करण्याची माझी तीव्र इच्छा आहे. मी मेहनती आणि प्रामाणिक आहे. आपल्या थोर मार्गदर्शनाखाली संधी मिळाल्यास मी आपली आजन्म ऋणी राहीन. सोबत माझा परिचय जोडला आहे."

मेघा_नांदेड
१६ जून, पहाटे ५:०५

हे पत्र कुणीही कुणालाही पाठवू शकेल. तू कोण आहेस ते यात कुठेच नाही, आणि तुझ्याकडे सांगण्यासारखं इतकं आहे! आवड, इच्छा, ऋण सगळं काढून टाक. अशी सुरुवात कर:

"मी भारतातल्या मराठवाड्याच्या निमशुष्क माळरानात वाढले. आमच्याकडे पहिल्या पावसानंतर किती दिवसांनी दुसरा येतो यावर कुसळी गवताचं बी जमिनीत रुजतं की वाळतं हे ठरतं, असं मला वाटतं. या पावसाळ्यात मी चराईच्या आणि राखलेल्या माळावर चौकटी टाकून हे मोजते आहे. तुमच्या अमुक साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात पावसांमधल्या खंडाचा परिणाम झुडपांवर तपासला आहे. गवतांच्या बियांच्या साठ्यावर तो तपासायची माझी इच्छा आहे. पुढच्या वर्षी तुम्ही विद्यार्थी घेणार आहात का?"

एवढंच. शेवटचा प्रश्न थेट विचारायचा, त्याचं हो-नाही उत्तर येतं. त्यांचा निबंध खरोखर वाचून मगच त्याचं नाव घे, कारण पहिल्या बोलण्यात त्यावरच विचारतात. पंधरा दिवसांत उत्तर नाही आलं तर एकदाच आठवण कर. आणि फक्त पत्रासाठी नको, या पावसाळ्यात मोजणी खरंच सुरू कर. तुझी स्वतःची मोजणी बघितली की गुणपत्रिकेच्या आधी तेच वाचतात.

बालाघाटी
१६ जून, सकाळी ८:२०

गोदाकाठ सर, तुमचं उत्तर दोन दिवस डोक्यात आहे. आमच्या गावच्या गायरानावर गेल्या साली चर खोदून ग्लिरिसिडिया लावला, मीच ग्रामसभेत हो म्हटलं होतं. त्याच्या शेजारी अर्धा माळ अजून तसाच आहे. कुसळीताई, दोन्ही बाजू मोजायच्या असतील तर पाटोद्याला या. सरपंचांशी मी बोलतो, परवानगीचा ठराव घेऊन देतो.

कुसळी
१६ जून, दुपारी २:४०

बालाघाटी दादा, येते! लागवडीच्या शेजारी न लावलेला माळ, एकच माती आणि एकच पाऊस, अशी जागा शोधूनसुद्धा मिळाली नसती. मेंढका दादा, आष्टीच्या माळावर कुंपण घालणार नाही. तुमचा कळप आला की मागून फिरेन.

दोन गोष्टी अडल्यात. गावागावाचा रोजचा पाऊस कुठे मिळतो? आणि फुलोरा नसताना गवत ओळखायचं कसं?

जोधपूरचा_लातूरकर
१६ जून, संध्याकाळी ५:१५

पाऊस: कृषी विभागाच्या महारेन संकेतस्थळावर महसूल मंडळानुसार रोजची आकडेवारी असते. पण मंडळाचं पर्जन्यमापक तुमच्या माळापासून लांब असेल तर आकडा फसवतो, आपल्याकडे एका शिवारात पडतो आणि दुसऱ्यात नाही. म्हणून मोजणीच्या जागी स्वतःचं साधं पर्जन्यमापक ठोका, सकाळी साडेआठला वाचा, हवामान खात्याची वेळ तीच आहे. माळ किती हिरवा झाला हे उपग्रहातून बघायला सेंटिनेल-२ ची चित्रं फुकट मिळतात, एक ठिपका दहा मीटरचा, २०१५ पासूनची. त्यात ग्लिरिसिडियाच्या रांगा उन्हाळ्यातही ओळखू येतील.

चौकटीसाठी एक मीटर बाय एक मीटरची लोखंडी सळी वाकवून घ्या, गावातला लोहार करून देईल. चारही कोपऱ्यांना खुंट्या ठोका म्हणजे पुढच्या वर्षी तीच जागा सापडेल. जागा डोळ्यांना बरी दिसते म्हणून निवडू नका, आधी कागदावर चिठ्ठ्या टाकून ठरवा.

गोदाकाठ
१६ जून, संध्याकाळी ६:५०

गवत ओळखायला व्ही. एन. नाईक यांचं 'फ्लोरा ऑफ मराठवाडा' (१९९८) कोणत्याही चांगल्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात असायला हवं, दोन खंड आहेत. फुलोरा नसताना पान आणि खोड यांच्या जोडावरचा पातळ पडदा किंवा केसांची झालर भिंगातून बघा, बऱ्याच जाती तिथेच वेगळ्या पडतात. प्रत्येक जातीचा एक नमुना मुळासकट उपटून वर्तमानपत्रात दाबून ठेवा, तारीख, गाव, माती लिहून. सप्टेंबरच्या शेवटी फुलोरा आला की त्याच झुपक्याचा दुसरा नमुना घ्या आणि दोन्ही घेऊन छत्रपती संभाजीनगरला विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागातल्या वनस्पतिसंग्रहालयात जा. तिथे मराठवाड्यातून गोळा केलेली गवतं जपून ठेवलेली आहेत, शेजारी ठेवून ताडून बघता येतात. जाण्याआधी विभागप्रमुखांना पत्र टाका. मसुदा मला दाखवलात तर मी बघून देईन.